बारवेच्या तोंडावरचा ओटा

११ फेब्रुवारी १९४६

विश्वंभर मास्तरांना जाऊन आज महिना झाला. शाळेच्या ओसरीवर शोकसभा ठेवली होती. सगळ्या गावात दवंडी दिली होती. आले किती? सहा! त्यातला एक माझ्याकडून उर्दूत अर्ज लिहून घ्यायला आलेला आणि दुसरा सावली बघून टेकलेला. चांभारवाड्यातून संतराम आणि त्याची बायको गोजरबाई आली होती. ती दोघं अंगणात उभीच राहिली. बसा म्हणायचं मला भाषणाच्या गडबडीत राहून गेलं.

गरज सरो नि वैद्य मरो! दहा वर्षांपूर्वी मास्तरांनी स्वतःच्या रानातली पायऱ्यांची बारव सगळ्यांना खुली केली. महार, मांग, चांभार, कुणीही यावं, पायऱ्या उतराव्यात, आपल्या हाताने घागर बुडवावी. तेव्हा याच गावाने मास्तरांशी बोलणं टाकलं. न्हाव्याने दाढी करायची बंद केली, तर मास्तरांनी दाढी वाढवली आणि म्हणाले, बरं झालं, सकाळचा वेळ वाचला. सटवाजी पाटलाने बारवेत मेलेलं कुत्रं टाकवलं. मास्तर स्वतः उतरले, कुत्रं काढलं, पाणी उपसलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर येऊन बसले. 'काहून?' हा त्यांचा एकच मंत्र. देवाला काहून? जातीला काहून? पाण्याला जात काहून? आणि असल्या माणसाला सहा माणसं!

शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले होते, "गोपाळ, माझ्यामागे काही करू नका. फोटोसुद्धा लावू नका. दर चैत्रात सगळ्यांनी मिळून बारवेतला गाळ काढा, तेवढं पुरे." केवढा विनय! मोठी माणसं असंच बोलतात. ते शब्दशः धरायचं नसतं. स्मारक झालंच पाहिजे. मी ते करणार.

कालिंदीला सांगितलं तर म्हणाली, "अहो, पण त्यांनी गाळ काढायला सांगितलंय ना?" बायकांची बुद्धी. गाळ काय, दरसाल निघतोच.

१९ फेब्रुवारी

आज जे घडलं त्याने मी थक्क झालो आहे. स्मारकाची गोष्ट घेऊन सटवाजी पाटलाकडे गेलो. मनातून भांडायची तयारी करूनच गेलो होतो. पाटलाने स्वतः उठून बसायला घोंगडी टाकली.

"गुरुजी, मास्तर म्हंजे देवमानूस व्हता. आमाला तवा उमगलं न्हाई. आता तरी चांगलं काई करू. ओटा बांधू. दगड माझ्या रानातला नेवा, गवंडी मी देतो."

मी म्हणालो, "पाटील, ज्या बारवेवर तुम्ही…" त्याने हात जोडले. "ते जाऊ द्या. मागलं काहून काढता?"

हृदयपरिवर्तन, दुसरं काय! मास्तरांना दहा वर्षांत जे जमलं नाही ते मी एका बैठकीत केलं, असं लिहू नये. पण वही माझीच आहे.

३ मार्च

जागा मीच ठरवली. बारवेच्या तोंडावर, अगदी पहिल्या पायरीला लागून. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं लक्ष गेलंच पाहिजे. एका बाजूला दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला ओटा, मधून पायऱ्यांची वाट. आता मास्तरांना चुकवून कुणाला पाणी भरता यायचं नाही.

ओट्यावर काय ठेवावं यावर बरीच चर्चा झाली. पाटील म्हणाला, पादुका. मी आधी तडकलो. मास्तर म्हणजे काय बुवा-महाराज? पण मग वाटलं, लोकांना त्यांच्या भाषेत सांगितल्याशिवाय कळत नाही. मास्तरांच्या वहाणा माझ्याकडेच आहेत. त्यांच्या घरातून मी आठवण म्हणून आणल्या होत्या. आज आंघोळ करून त्या फडक्यात बांधल्या. सोवळ्याओवळ्यावर माझा काडीचा विश्वास नाही. आंघोळ केली एवढंच.

वहाणांचा एक टाका उसवला होता म्हणून संतरामकडे नेल्या. त्याच्याच हातच्या आहेत. तो कितीतरी वेळ त्या उलटसुलट करून बघत बसला.

"टाच झिजली व्हती. मास्तर म्हनले व्हते, पुढल्या बाजारी नवी लावू. आता कोन घालनार हाय?"

"कुणी घालणार नाही. स्मारकात ठेवायच्या आहेत."

"ठिवायच्या? मंग शिवून काहून घेता?"

हा प्रश्न मला उद्धटपणाचा वाटला. मास्तरांनी या लोकांना डोक्यावर चढवून ठेवलं, असं कधी कधी नाइलाजाने मनात येतं. मास्तर त्याला 'संतरामभाऊ' म्हणत, अहो-जाहो करत. मला ते जमत नाही, सवयीचा भाग आहे. पण त्याने टाका घातला, नवी टाच लावली, आणि पैसे घेतले नाहीत. म्हणजे मनातून आनंदच झाला असणार.

२४ मार्च

झालं! चारशे माणसं होती, कमी नाही. कुरुंद्याहून लोक आले. हिंगोलीहून फोटोवाला आला. मी चाळीस मिनिटं बोललो. देव माणसाने केला, जात माणसाने केली, आणि माणसाने केलेलं माणसाला मोडता येतं, या वाक्यावर टाळ्या पडल्या. सर्वांत आधी पाटलाने टाळी वाजवली.

एक गोष्ट खटकली. मी बोलत असतानाच बायका पुढे येऊन वहाणांना हळदकुंकू लावत होत्या. पाटलाने नारळ फोडला. कुणी तरी उदबत्त्या लावल्या. मी डोळ्यांनी दटावलं, पण सभेत गोंधळ नको म्हणून पुढे बोलत राहिलो. माझं भाषण संपलं तेव्हा वहाणांचं कातडं दिसेनासं झालं होतं.

संतरामला मी मुद्दाम बोलावलं होतं. तो आणि गोजरबाई लांब बांधावर उन्हात उभी होती. गर्दीमुळे असेल.

२९ मार्च

डोकं फिरायची पाळी आली आहे. दुपारी गोजरबाई रिकामी घागर घेऊन शाळेच्या दाराशी आली.

"गुरुजी, त्या पाटलाच्या गड्यानं, रूपसिंगनं मला आडवलं. म्हनतो, पादुकाच्या म्होरून चांभारनीनं जायाचं न्हाई. देवाला इटाळ व्हतो."

कसला देव? कसला विटाळ? मी शाळा तशीच सोडून पाटलाकडे धावलो. तोंडाला येईल ते बोललो. पाटील सुपारी कातरत शांतपणे ऐकत होता.

"गुरुजी, बारव बंद कोन केली? उघडीच हाय. मास्तरची बारव बंद करायची माझी काय छाती हाय? पन लोकायच्या मनात भाव हाय. पादुकाला घासून समदी जातील, ते बराबर दिसतं का? तुमीच बसवल्या. तुमीच जागा दावली."

"मग त्यांनी पाणी कुठून भरायचं?"

"रूपसिंग शेंदून वाढील की. त्याह्यला पायऱ्याची बी तकलीफ न्हाई."

मला हा लांडग्याचा डाव तत्काळ कळला, असं मी इथे नमूद करतो. पण लोकांचा क्षोभ उसळलेला असताना एकदम टोकाला जाऊन चालत नाही. चार दिवस तात्पुरती सोय म्हणून मी ते मान्य केलं आणि चांभारवाड्यात जाऊन सांगितलं. गोजरबाईने रिकामी घागर काखेत घेतली.

"वाढून देलेलं पानी धा साल झाले आमी पिलं न्हाई, गुरुजी. मास्तर म्हनायचे, ओंजळ पसरून हुबं राहू नका, त्यापरीस ओढ्याला जावा. आमी ओढ्याला जाऊ."

ओढ्याचा झिरा दीड कोसावर आहे. एवढा ताठा कशासाठी? चार दिवसांचा तर प्रश्न होता.

९ एप्रिल

चार दिवसांचे दहा झाले. मी गप्प बसलेलो नाही. तहसिलीत उर्दूत तीन पानी अर्ज दिला आहे. एका वर्तमानपत्राला मराठीत पत्र धाडलं आहे. त्यातलं 'ज्या महापुरुषाने पाणी मुक्त केले, त्याच्याच नावाने ते कोंडले जावे हा मानवतेला काळिमा आहे' हे वाक्य चांगलं उतरलं आहे. तीनदा खोडून लिहिलं. गाव म्हणजे नुसता उकिरडा आहे, त्यात किती लिहायचं!

लिहीत असताना खिडकीतून ओढ्याकडे जाणाऱ्या बायका दिसत होत्या. डोक्यावर घागर, काखेत घागर. त्यांच्याकडे बघून माझा संताप वाढतो आणि लेखणीला धार येते.

१७ एप्रिल

पाडवा होऊन दोन आठवडे झाले. गाळ निघाला नाही. मास्तर असताना, गावाचा बहिष्कार निवळल्यावर, या दिवसांत सगळं गाव बारवेत उतरलेलं असायचं. खाली महार-मांग, मधल्या पायऱ्यांवर कुणबी, वर मास्तर आणि मी. पाट्या हातोहात वर यायच्या, सगळे कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, कुणाचा हात कुणाला लागला हे विचारायची सोयच नसे. संध्याकाळी सगळे तिथेच हात धुऊन भाकरी खायचे. आता पाटील म्हणतो, पादुकांखालच्या पाण्यात ते लोक कसे उतरवायचे? आणि कुणबी म्हणतात, ते नसतील तर खाली चिखलात आम्ही काहून उतरावं? पाणी हिरवं पडलं आहे. वरच्या जातीची बाई तेच गाळून पिते आणि पादुकांना हात जोडते. मूर्ख, मूर्ख, मूर्ख!

जेवताना कालिंदीशी वाजलं.

"तुम्हीच ठेवल्यात ना? मग तुम्हीच उचला. फडक्यात बांधा आणि घरी घेऊन या. त्याला तहसिलीचा अर्ज कशाला लागतो?"

"पादुका उचलून आणू? मास्तरांचा अपमान करू?"

"वहाणा आहेत त्या," ती म्हणाली. "मास्तर त्या घालून उकिरड्यावरूनसुद्धा जायचे."

मी ताटावरून उठलो. हिला काय कळतं? या गावात शाळा चालवायची आहे. शाळेची जागा पाटलाची. उद्या मी पादुका उचलल्या तर चाळीस पोरांची शाळा बंद पडेल. मी माझा विचार करत नाही, शाळेचा करतो. शिवाय चारशे माणसांसमोर ज्याने स्थापना केली, त्यानेच महिन्याभरात ती उखडायची? लोक हसतील.

२ मे

तहसिलीचं उत्तर आलं. 'सदर स्थळ धार्मिक स्वरूपाचे असून खुद्द अर्जदारानेच तेथे स्थापना केली असल्याने हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही.' कागद चुरगाळून फेकला, मग पुन्हा उचलून सरळ केला. नक्कल ठेवावी लागेल.

वर्तमानपत्राने पत्र छापलं नाही. भेकड.

गोजरबाई झिऱ्याच्या दरडीवरून घसरली. डाव्या हाताचं मनगट मोडलं. कामट्या बांधल्या आहेत. मी बघायला गेलो होतो. संतराम दारात बसला होता. मी त्याला सांगितलं की हे प्रकरण मी सोडणार नाही, वरच्या कचेरीत नेणार. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "गुरुजी, मास्तर अर्ज कधी लिहीत नव्हते का हो?"

मी म्हणालो, "लिहायचे की."

"व्हय? पन बसायचे पायरीवर," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करून आत गेला. साठीचा माणूस, बोलायची पद्धत नाही.

८ मे

दोनदा वही उघडून मिटली, आता लिहितो.

आज सकाळी पाढे घेत असताना बारवेकडून ओरडा आला. धावत गेलो. संतराम ओट्यावर चढला होता. ऐन पूजेच्या वेळेला, दहा-बारा बायका समोर, रूपसिंग काठी घेऊन उभा. संतरामने वहाणांवरची फुलं बाजूला सारली, बारवेतल्या पाण्याने कुंकू धुतलं, धोतराच्या सोग्याने त्या पुसल्या आणि खाली ठेवून पायांत घातल्या. काठी उगारायचं रूपसिंगला सुचलंच नाही.

मग तो चालायला लागला. चांभारवाड्याकडे नाही, गावात! मधल्या गल्लीने. त्या गल्लीत त्याच्या जातीच्या माणसाने पायतण हातात धरून जायचं, हा इथला जुना रिवाज आहे. मास्तरांनी तो मोडा म्हणून किती सांगितलं, पण कुणाची छाती झाली नव्हती. संतराम नव्या टाचा वाजवत पाटलाच्या दारावरून गेला. पाटील आपल्या घराच्या ओट्यावरच बसला होता. त्याच्याकडे न बघता गेला. वेशीपर्यंत गेला, परत आला आणि चावडीसमोर जाऊन उभा राहिला.

तिथे त्याला मारलं. किती जणांनी ते सांगता येत नाही. मी "थांबा, थांबा" म्हणून ओरडत होतो. माझा आवाज चांगला मोठा आहे, तरी कुणी ऐकलं नाही. मी मध्ये पडलो नाही. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

९ मे

पोलीस ठाण्याचे अमीन आले. चावडीवर पंचनामा. पाटलाने मला आधीच बाजूला घेतलं होतं. "पादुका तुमच्या घरून आल्या, चोरीची तक्रार तुमच्याच नावानं लिहावी लागंल. दोन वळी लिवा, सही करा. शाळंची काळजी करू नका."

मी सही करणार नव्हतोच. सकाळपासून माझ्या मनात ठरलं होतं. अमिनांनी विचारलं, "या चपला कोणाच्या?" तर मी पुढे झालो आणि सगळ्या गावासमोर म्हणालो, "साहेब, चोरी झालेली नाही. त्या माझ्या ताब्यात होत्या आणि मीच संतरामला दिल्या." पाटलाचं तोंड उतरलं. आयुष्यात एवढं धाडस मी कधी केलं नव्हतं. छाती भरून आली. वाटलं, मास्तर बघत असते तर!

आणि संतराम काय म्हणाला? ओठ फाटलेला, एक डोळा सुजलेला, तरी म्हणाला, "न्हाई सायेब. गुरुजी खोटं बोलून राहिले. मला कुनी देल्या न्हाईत. म्या माझ्या मनानं उचलल्या."

अमिनांनाही आश्चर्य वाटलं. "काहून उचलल्या?"

"वाटंत व्हत्या."

एवढंच. पुन्हा पुन्हा विचारलं तरी तेवढंच. अमिनांनी वहाणा जप्त केल्या आणि त्याला घेऊन गेले. वैशाखाच्या उन्हात तो अनवाणी गाडीमागून चालत गेला.

मला त्याचा इतका राग आला आहे की जेवण गेलं नाही. अरे, मी बुडत्याला हात दिला होता! पाटलाशी वैर घेतलं, शाळा पणाला लावली, खोटं बोललो, कुणासाठी? माझ्या एका शब्दावर सुटला असता. त्याला सुटायचंच नव्हतं का? दिल्या म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

कालिंदीला विचारलं. ती गहू निवडत होती. म्हणाली, "दिल्या म्हटलं असतं, तर उद्या परत मागता आल्या असत्या."

ही नेहमी असलं काहीतरी बोलून कामाला लागते.

१२ मे

पाटलाने काल निरोप पाठवला. वैशाखी पौर्णिमेला नव्या पितळी पादुका बसणार आहेत, हिंगोलीत करायला टाकल्यात, भाषण मीच करावं. मी नाही म्हणून कळवलं. 'नाही' एवढंच लिहिलं, कारणं दिली नाहीत. मला कारणं न देता काही लिहिता येतं हे आजवर ठाऊक नव्हतं.

पण नुसत्या नाहीने माझं समाधान होईना. आज सकाळी मी बारवेवर गेलो. ओटा रिकामा होता, कुंकवाचे डाग तेवढे राहिलेत. रूपसिंग पलीकडच्या निंबाखाली काठी आडवी टाकून बसला होता. थोड्या वेळाने गोजरबाई आली. मनगटाला कामट्या, उजव्या काखेत घागर. मागे चांभारवाड्यातल्या दोघी आणि महारवाड्यातल्या तिघी. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, निदान मी तरी नाही.

त्यांना बघून रूपसिंग उठला. ती वेळ आली हे मी ओळखलं. मी पहिल्या पायरीवर जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात पसरले आणि ओरडलो, "खबरदार! आज यांना कोण अडवतो तेच बघतो! आधी माझ्या अंगावरून जावं लागेल!" मग मला आवरलंच नाही. तीन महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. पाटील, तहसील, वर्तमानपत्र, धर्म, हे नादान गाव, मास्तरांचा झालेला अपमान, संतरामवर झालेला जुलूम. घसा कोरडा पडला, डोळ्यांत पाणी आलं. रूपसिंग पुढे आला नाही. ओट्यावर काहीच नव्हतं, राखायचं काय हे त्यालाही कळत नसावं.

त्या सहाजणी उन्हात उभ्या राहून ऐकत होत्या. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा गोजरबाई पुढे आली.

"गुरुजी, सरका जरा."

मला कळलंच नाही. मी म्हणालो, "भिऊ नका, मी आहे."

"व्हय, तुमीच हाईत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती दमलेली होती. "वाट आडवून राहिले तुमी. पानी भरू द्या."

निंबाखाली रूपसिंग मोठ्याने हसला. मी खाली बघितलं. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला माझा ओटा, आणि मधल्या अरुंद वाटेत हात पसरून मी. माझ्या कानशिलांतून आग निघत होती. या बाईचा राग आला, रूपसिंगच्या हसण्याचा आला, संतरामचा पुन्हा नव्याने आला. मग ते सगळे राग एकेक करून निघून गेले आणि एकच राहिला. तो कुणाचा, ते लिहिण्याइतकं धैर्य आज नाही.

मी सरकलो. त्या एकीमागे एक खाली उतरल्या. गोजरबाईने उजव्या हाताने हिरवं पाणी बाजूला सारलं आणि घागर बुडवली.

ऊन फार होतं. जवळपास दुसरी सावली नव्हती, म्हणून मी जाऊन रूपसिंगच्या शेजारी उभा राहिलो.